माणकसेठच्या जिनातली फोनबंदी

फोन जोडायला आलेल्या माणसाला लोक चहा पाजतात, वर भजी मागवतात. फोन तोडायला आलेल्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. मी दोन्ही कामं उभी हयात केली, त्यामुळे यवतमाळात माझे जितके दोस्त, तितकेच माझ्यावर तोंड फिरवणारे. पण ह्या दोन्हींच्या मधलं एक तिसरं काम असतं, ते बाहेरच्या लोकांना ठाऊकच नसतं. फोन जागेवर ठेवायचा, घंटी वाजू द्यायची, बोलूही द्यायचं, फक्त कोणी कोणाशी बोलायचं ते तारेनं ठरवून टाकायचं. ह्या कामात चहा आणि शिव्या एकाच बैठकीत मिळतात.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला वादळातल्या तुटलेल्या तारांबद्दल लिहायला सांगितलं होतं. ते राहू द्या राजेहो. वादळ सगळ्यांनीच पाहिलंय. मी माणकसेठच्या जिनातली फोनबंदी लिहितो, कारण ती माझ्या हातची आहे आणि तिच्यातली चूकही माझ्याच हातची आहे.

मी रशीद. टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. आता लोहाऱ्यात राहतो, घरात फोन आहे, आणि तो बिघडला की पोरं मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, अब्बा, नव्या फोनमधलं तुम्हाला कळत नाही. घ्या!

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या बड्या जिनांपैकी माणकसेठचं एक. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण अंक पुण्यालाही जातो म्हणून सांगितलं. त्या जिनात दहा लायनींचा बोर्ड होता. लाकडी खोका, पुढून दहा पत्र्याच्या झाकण्या आणि झाकण्यांखाली चाव्या. कापूस तोलायच्या काट्यावरच्या माणसाने आपल्या फोनचा दांडा गरगर फिरवला की बोर्डावर काट्याची झाकणी खटकन पडायची. बोर्डावर बसलेला माणूस विचारायचा, ‘कोण पाहिजे?’ आतलंच कोणी पाहिजे असेल तर चावी खाली, बाहेरची लाईन पाहिजे असेल तर चावी वर. इतकं सोपं.

बंदी घालायची तीही तितकीच सोपी. बोर्डाची पाठ उघडायची आणि त्या खोलीच्या चावीची बाहेरच्या लाईनकडे जाणारी तार सोडवून, कापड गुंडाळून ठेवायची. मग ऑपरेटरने चावी वर करू दे नाहीतर आभाळाला लावू दे, त्या खोलीला बाहेरचं जग मिळत नाही.

सेठला बंदी पाहिजे होती ती भावासाठी. रोज सकाळी साडेदहाला मुंबईचा अर्जंट ट्रंक कॉल लागायचा आणि कापसाचा भाव कळायचा. त्या वेळी आवारात कापसाच्या शंभरेक बैलगाड्या उभ्या असत. भाव चढला असेल तर सेठला तो अर्धा तास पोटात ठेवायचा असे, म्हणजे कालच्या भावात गाड्या ओढून घेता येतात. पण महिनाभरापासून असं व्हायला लागलं की इकडे सेठने फोन खाली ठेवला, तिकडे पाच मिनिटांत रस्त्यापलीकडच्या जिनाचा दलाल गाड्यांमध्ये फिरायला लागे. ‘तिकडे चला, भाव चढला, आम्ही जास्त देतो.’ गाड्या वळल्या की सेठचं डोकं सणकायचं.

‘माह्या जिनातून बातमी फुटून राह्यली, रशीदभाई,’ सेठने मला सांगितलं. ‘कोनीतरी इथूनच पलीकडं फोन लावते. सगळ्यायचे बाहेरचे फोन बंद करा. कुत्रं भुंकलं तरी बाहेर जाऊ नाही पायजे.’

त्याने यादीच काढून ठेवली होती. स्वतः सेठ : सगळीकडे. मॅनेजर : गावात बोलतील, ट्रंक नाही. काटा, प्रेस, गोदाम : फक्त आत. बंगला : फक्त सेठच्या खोलीशी.

‘बंगल्यावरून सेठाणीबाई कोणाला भाव सांगणार?’ मी विचारलं.

‘तिचा भाऊ अमरावतीले दलाल आहे,’ सेठ म्हणाला. ‘तुमचं लग्न झालं का नाही अजून?’

झालं नव्हतं. मी तार सोडवायला बसलो.

मॅनेजरच्या चावीला गाव द्यायचं पण ट्रंक नाही, हे तारेनं करता येत नव्हतं. गाव आणि मुंबई एकाच तारेतून जातात. तिथे ऑपरेटरलाच हुकूम द्यावा लागला. मॅनेजर साहेबांना हा अपमान फार लागला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘रशीदभाई, निदान पाहुण्यांसमोर तरी...’ पुढे काही महिने मी पाहिलं, पाहुणा आला की साहेब फोन उचलून ‘हां, मुंबई? हां, बोला!’ असं जोरात करायचे. पलीकडे बोर्डावरचा ऑपरेटर मान हलवून ‘हो साहेब, मुंबई बोलते’ म्हणायचा. एवढं सांभाळून घेणारा ऑपरेटर मी खात्यातसुद्धा पाहिला नाही.

त्या ऑपरेटरचं नाव रामधन. दारव्हा रोडवरच्या बंजारा तांड्यातला. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून आयुष्य काढलं होतं, बापाने चार एकर शेती केली होती आणि रामधन मॅट्रिक होऊन खुर्चीवर बसला होता. तांड्यातून पगारी नोकरीवर बसलेला पहिलाच. त्याची याडी, म्हणजे आई, बाजाराच्या दिवशी मुद्दाम जिनाच्या फाटकाशी येऊन उभी राहायची आणि खिडकीतून लेक खुर्चीवर बसलेला पाहून निघून जायची. आत कधी आली नाही. मी एकदा म्हटलं, ‘माय, आत या, पाणी प्या.’ तर म्हणाली, ‘नाही बाप्पा, तो कामात आहे.’

बंदी घालून झाली, सेठने मला बुंदी खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला भाव आला. पावणेअकराला दलाल गाड्यांमध्ये हजर!

आता बोला.

सेठने मला बोलावून झापलं. मी बोर्डाची पाठ उघडून दाखवली, सोडवलेल्या सगळ्या तारा कापडात झोपलेल्या. सेठने एकेक बोटाने मोजली. मग हळूच म्हणाला, ‘म्हणजे सगळे बंद. भाव येते तवा मॅनेजर तं माह्या समोरच असते. राह्यला फक्त बोर्ड. अन् बोर्डावर कोन आहे?’

मी म्हटलं, सेठजी, रामधन तसा नाही.

‘तसा नाही? भाव आला का तो खिडकीतून त्याच्या तांड्याच्या गाडीवाल्यायशी काय बोलते? त्यायच्या बोलीत बोलते! मले एक अक्षर समजत नाही!’

‘पाणी पाजलं का बैलांना, असं विचारत असेल.’

‘तुमाले समजते त्यायची बोली?’

मला समजत नव्हती. सेठ तरातरा बाहेर गेला आणि भर आवारात, सगळ्या गाड्यांसमोर रामधनवर ओरडला, ‘चोर! माह्या जिनात बसून माहीच चोरी करते! चोर आहे हा!’ त्याला बोर्डावरून उठवून गोदामात रुईचे गठ्ठे रचायला पाठवलं आणि बोर्डावर आपल्या भाच्याला बसवलं. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत कबूल कर, नाहीतर पोलिसात देतो, असं बजावलं.

चोर हा शब्द तुम्हाआम्हाला लागतो तसा रामधनला लागत नाही, त्याहून खोल लागतो. इंग्रजांच्या राज्यात बऱ्याच ठिकाणी त्याच्या लोकांवर, जन्मल्या पोरासकट, हाच शिक्का मारलेला होता. कायद्यातून तो निघाला होता. लोकांच्या तोंडातून निघाला नव्हता. त्या दिवशी त्याच्या तांड्याच्या सात गाड्या आवारात उभ्या होत्या.

मला रात्री झोप नाही. बंदी मी घातली, मी चोख घातली, म्हणून तर संशयाला एकच जागा उरली होती. मी ठरवलं, फाटकाबाहेरच्या खांबावर चढून लाईनच तपासायची. कोणी रस्त्यावरूनच चोरून तार जोडली असली तर?

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी खांबावर चढलो. कमरेचा पट्टा बांधला. तपासणीचा फोन पिशवीतून काढला, त्याचे चिमटे तारेला लावायला हात लांबवला आणि तेवढ्यात ऐकू आलं :

‘हाँ हाँ! मानकचंद बोलता हूँ! क्या? चढ़ा? कितना चढ़ा? दो? दो बोला क्या? अरे दो क्या तीन? तीन! तीन चढ़ा!’

मी हातातल्या फोनकडे पाहिलं. चिमटे अजून हवेत लोंबकळत होते.

हिवाळ्याचे दिवस. सेठच्या गादीच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी उन्हासाठी सताड उघडी. ट्रंकवर ओरडायची तर सगळ्यांनाच सवय होती, मुंबई दूर आहे म्हणजे जोरात बोललं पाहिजे असं सगळ्या वऱ्हाडाचं मत होतं. पण माणकसेठचा गळा वेगळाच. वर तो प्रत्येक आकडा खात्रीसाठी तीनदा म्हणायचा. खाली बरोबर खिडकीसमोर गणपतचं चहाचं हॉटेल, आणि त्याच्या बाकावर पलीकडचा दलाल बशीत चहा ओतून निवांत बसलेला. ‘तीन’ ऐकलं, बशी संपवली आणि उठला.

मी खांबावरून उतरून गणपतला म्हटलं, ‘हे रोज असं?’

गणपत म्हणाला, ‘मग? घड्याळ मिळवतो आमी त्यावर. तुमी कोनाले सांगू नका रशीदभाई. गाडीवाल्यायचं भलं होऊन राह्यलं, माहा चहा खपून राह्यला. कायले मधात पडता?’

काखेत कळसा म्हणतात तो हा. मी तसाच गोदामात गेलो. रामधन गठ्ठ्यावर बसला होता, केसात रुई. मी सांगितलं. तो चकित झाला नाही.

‘मले माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘मी बाजूच्याच खोलीत तर बसतो. बोर्डाची काय गरज, भिंतीतून ऐकू येते.’

‘मग बोलला काहून नाहीस?’

‘काय बोलू? सेठजी, तुमी ओरडता? हे बोललो असतो तर त्याच दिवशी गेलो असतो. न बोलता महिनाभर टिकलो.’

आता मीही सेठला सांगायला हवं होतं. पण माणकसेठला तोंडावर सांगायचं म्हणजे आ बैल मुझे मार. म्हणून मी हुशारी केली. इथे जरा धंद्याचं सांगतो. आपण फोनवर बोलतो तेव्हा आपला स्वतःचा आवाजही थोडा आपल्याच कानात येतो. किती यायचा ते आतल्या कॉईलच्या जोडणीवर असतं. कमी आला तर माणूस आपोआप ओरडतो, जास्त आला तर दचकून आपोआप हळू होतो. कोणाला सांगावं लागत नाही. मी लाईन तपासायच्या निमित्ताने सेठचा फोन उघडला, आतली एक तार इकडची तिकडे केली आणि झाकण लावलं. सरकारी यंत्रात असं परस्पर करणं म्हणजे नोकरीशी खेळ, पण तेव्हा मला माझं फारच कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी खांबाखाली उभा राहिलो. साडेदहा झाले. ‘हाँ हाँ!’ एवढं एक ऐकू आलं, मग पुटपुट. दलाल बशी धरून बसून राहिला, चहा गार झाला. मी मनात स्वतःला शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशीही तेच. गाड्या कालच्याच भावात रिकाम्या झाल्या. गणपत माझ्याशी बोलेना. कोणत्या शेतकऱ्याचं त्या दोन दिवसांत किती गेलं, ते मला आजही टोचतं, ते इथेच कबूल करून ठेवतो.

आणि सेठने मला मोठ्या खुशीत बोलावलं. ‘या रशीदभाई! पाह्यलं? मी सांगतलं होतं नं? रामधन हटला, पह्यल्या दिशी त्यानं भाच्याकडून काढून घेतलं असन, भाच्याले दम देला अन् बातमी थांबली! आता याहून काय पुरावा पायजे? उद्या बाजार आहे. उद्याच ठाण्यावर पाठवतो.’

अरे! मी तार फिरवली ती नेमकी रामधन गोदामात असताना. त्याला वाचवायला गेलो आणि माझ्याच हाताने त्याच्याविरुद्ध साक्ष तयार करून बसलो. अशी अक्कल कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तेव्हा मला राग आला. सेठचा नाही, माझाच. मी पिशवी जमिनीवर आपटली, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सेठसमोरच त्याचा फोन उघडला.

‘सेठजी, बातमी थांबली ती ह्या तारेमुळे. ही मी फिरवली. खात्यातल्या माझ्या साहेबांकडे तक्रार करा, माझी नोकरी जाईल, जाऊ द्या. पण रामधनने काही केलं नाही. बातमी तुम्हीच फोडता. तुम्ही फोनवर ओरडता आणि ते समोरच्या हॉटेलात ऐकू येतं.’

बोर्डावरचा भाचा खिडकीकडे पाहायला लागला. मॅनेजर साहेबांना एकदम खोकला आला. सेठ लाल झाला, गादीवरून उठला.

‘मी? मी ओरडतो? कोन म्हणते मी ओरडतो?’

रस्त्यापलीकडून गणपतचा आवाज आला, ‘आमी नाही म्हटलं जी, सेठजी!’

सेठ खिडकीपाशी गेला. समोर गणपत हातात किटली धरून उभा, बाकावर दलाल, फाटकात चार-पाच गाडीवाले, सगळ्यांच्या माना खिडकीकडे. दलालाने तर हात जोडून नमस्कारच केला.

सेठ परत येऊन बसला. बराच वेळ गादीवरची सुरकुती सारखी करत राहिला. त्याला हसू येत होतं की रडू, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग अगदी हळू, मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, ‘रामधनले बोलवा.’ भाच्याला ते ऐकूच गेलं नाही. मलाच जावं लागलं.

रामधन आला. दारात उभा राहिला.

‘बस बाबू बोर्डावर,’ सेठ खाली पाहत म्हणाला. ‘झालं ते झालं.’

रामधन बसला नाही. मी खूण केली, बस की बावा, मिळालं नं परत! तो माझ्याकडे पाहीना.

‘सेठजी,’ तो म्हणाला, ‘तुमी मले चोर म्हटलं तवा अख्ख्या आवारानं ऐकलं. माह्या तांड्याच्या गाड्या उभ्या होत्या, त्यायनं ऐकलं. संध्याकाळी माह्या याडीनं ऐकलं. चार दिस झाले, ती जेवली नाही. आज तेल-मीठ घ्याले आली, तं फाटकावरबी थांबली नाही, तोंड झाकून पुढं गेली. आता तुमी इतक्या हळू बोलून राह्यले, हे मले एकट्यालेच ऐकू आलं.’

‘मग काय करू?’

‘तसंच बोला जी. तितक्याच आवाजानं.’

मॅनेजर साहेब म्हणाले, ‘रामधन, पायरी सोडू नको.’ सेठने हात वर करून त्यांना थांबवलं. उठला, धोतर सावरलं आणि ओसरीवर गेला. आम्ही मागोमाग. आवारात गाड्या उभ्या, माणसं गाडीवर उभी राहून कापूस काढत होती.

‘ऐका हो!’ सेठ ओरडला. ‘रामधन बोर्डावर परत बसून राह्यला!’

रामधन जागचा हलला नाही. सेठने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा आवाराकडे तोंड केलं आणि माणकसेठ असा ओरडला की मुंबईला फोन लावायची गरज पडली नसती :

‘रामधन चोर नाही! चूक माही होती! माही! रामधन चोर नाही! रामधन चोर नाही!’

आकड्यांसारखंच, खात्रीसाठी.

रामधन आत गेला. भाचा उठला. रामधनने रुमालाने खुर्ची पुसली आणि बसला. मी दारातच उभा होतो. सेठ अजून बाहेर ओसरीवरच. तेवढ्यात काट्याची झाकणी खटकन पडली. रामधनने चावी खाली केली, फोन कानाला लावला. काट्यावर त्याच्याच तांड्याचा एक हमाल होता, त्याचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. तो विचारत होता, ‘रामधनभाऊ, सेठजी आता काय म्हणले?’

‘मले इथून नीट ऐकू आलं नाही,’ रामधन म्हणाला. ‘तुले काय ऐकू आलं, ते सांग बरं.’

आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून तो ऐकत बसला.